खापर मॉलीच्याच डोक्यावर का?

अभिनयाच्या शिबिरात मेथड ॲक्टिंगचा, म्हणजे भूमिका आतून जगण्याच्या पद्धतीचा, विषय निघाला की अमेरिकी दिग्दर्शक इलिया कझानचं नाव येतं आणि त्यामागोमाग एक गोष्टही येते. कझान तरुणपणी कम्युनिस्ट होता, हे त्याने लपवलं होतं. 1952 मध्ये ते उघड झालं. बायकोने, म्हणजे मॉली डे थॅचरने, त्याचे कान भरले. दुसरा मार्गच नव्हता म्हणून पोटापाण्यासाठी त्याने कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीला मित्रांची नावं सांगितली आणि त्यापायी संसार नासला. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती तपासून पाहायचं कोणाच्या मनात येत नाही.

लपवलं, पण कोणापासून? जगापासून. बायकोपासून नव्हे. दोघांचं लग्न 1932 मधलं. कझान पक्षात होता 1934 ते 1936, जेमतेम दीड वर्ष. त्या काळात मॉली स्वतः डाव्या रंगभूमीच्या मासिकात लिहीत होती. न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटरमध्ये पक्षाचा एक गट होता आणि नाटक कंपनीचा ताबा नटांनी घ्यावा, असा पक्षाचा हट्ट होता. कझानने नकार दिला. तेव्हा डेट्रॉइटहून एका कार्यकर्त्याला बोलावून सहकाऱ्यांच्या बैठकीत त्याची हजेरी घेतली गेली. कझानने राजीनामा दिला. तो अपमान तो कधी विसरला नाही, आणि घरात त्याचा उच्चार व्हायला 1952 उजाडावं लागलं नव्हतं.

आता कान भरण्याविषयी. 14 जानेवारी 1952 रोजी अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, त्या चौकशी समितीपुढे बंद दाराआड कझान स्वतःबद्दल बोलला, इतरांची नावं मात्र दिली नाहीत. 10 एप्रिलला तो पुन्हा गेला आणि ग्रुप थिएटरमधल्या आठ जणांची नावं दिली. त्यांतला जे. एडवर्ड ब्रॉमबर्ग तर आदल्या डिसेंबरातच वारला होता. या तीन महिन्यांत ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट कंपनीचे वरिष्ठ त्याच्यामागे लागले होते. ग्रुप थिएटरचा नाटककार क्लिफर्ड ओडेट्स याच्याशी त्याने आधीच बोलून घेतलं होतं. पुढे मे महिन्यात ओडेट्सनेही साक्ष देऊन कझानचं नाव घेतलं. ही सगळी बोलणी कझानची, साक्षीची खुर्चीही कझानची.

मॉलीबद्दल खरं एवढंच, की 12 एप्रिलला न्यूयॉर्क टाइम्समध्ये साक्षीचं समर्थन करणारी जी जाहिरात आली, तिचा मजकूर तिने लिहिला. खाली सही नवऱ्याची. ती मनापासून कम्युनिस्टविरोधी झाली होती आणि ते तिने झाकलं नाही. नाटककार आर्थर मिलर कझानच्या घरून सेलम गावाला निघाला, तिथल्या सतराव्या शतकातल्या चेटकिणींच्या खटल्यांचे कागद पाहायला. मॉली त्याच्या गाडीपाशी आली आणि कम्युनिस्टांची चौकशी नि चेटकिणींचे खटले एकच कसे, असं तिने त्याला तोंडावर विचारलं. मला तिचं मत पटत नाही. पण मत असणं वेगळं आणि नवऱ्याच्या हातून पाप करवून घेणं वेगळं.

दुसरा मार्गच नव्हता, हे अर्धंच खरं. सिनेमाची दारं बंद झाली असती, नक्की. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, मात्र संशयितांना काम नाकारणारी तशी काळी यादी चालत नव्हती, आणि मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' बसवणाऱ्या कझानला तिथे कामाची वानवा पडली नसती. त्याने नाव घेतलेला नट मॉरिस कार्नोव्स्की सिनेमातून बाहेर फेकला गेला, पण रंगमंचावर उभा राहिलाच.

आणि संसार? त्याला राजकारणाने ग्रासलं, हे मला सर्वांत जास्त खटकतं. घरात खरोखर लपवलं जात होतं ते वेगळंच. चाळीसच्या दशकात कॉन्स्टन्स डाउलिंग या नटीशी संबंध. ते उघड झाल्यावर मॉली आणि तो काही काळ वेगळे राहिले. 1951 मध्ये मर्लिन मन्रो. पुढे नटी बार्बरा लोडन. 1962 मध्ये तिला कझानपासून मुलगा झाला, तेव्हा तो मॉलीचा नवरा होता आणि त्यांना चार मुलं होती. हे कुजबुजीतून आलेलं नाही, 1988 च्या आत्मचरित्रात त्याने स्वतः लिहिलंय. एवढं होऊनही लग्न टिकलं ते 14 डिसेंबर 1963 पर्यंत, मॉली मेंदूतल्या रक्तस्रावाने गेली तोवर.

मॉलीचं नाव घ्यायचंच असेल तर 1939 पासून घ्या. ग्रुप थिएटरच्या नाट्यस्पर्धेला आलेल्या बाडांतून टेनेसी विल्यम्स नावाच्या अनोळखी तरुणाच्या एकांकिका तिने वेचल्या, त्याला 100 डॉलरचं खास बक्षीस मिळवून दिलं आणि एजंट ऑड्री वूडपर्यंत त्याचं नाव पोचवलं. याच विल्यम्सच्या, कझानने बसवलेल्या 'स्ट्रीटकार' नाटकावर तासभर बोलणाऱ्यांनी यातली दोन वाक्यं तरी शिबिरात सांगावीत.