खुलासा : डिस्क नसलेल्या प्लेस्टेशन ५ ची चिप कमकुवत नाही
डिस्क ड्राइव्ह नसलेला प्लेस्टेशन ५ हा सोनीचा गेम कन्सोल कमकुवत चिपमुळे स्वस्त आहे, असा संदेश म्हापशातील पालकांच्या गटांत फिरत आहे. तो चुकीचा आहे. २०२० साली अमेरिकेत ३९९ आणि ४९९ डॉलरना आलेल्या दोन्ही मॉडेलांत प्रोसेसर, १६ जीबी मेमरी व ८२५ जीबी एसएसडी (गेम साठवण्याची जागा) एकसारखीच होती, आणि दुरुस्तीसाठी मी दोन्ही उघडली तेव्हा चिपवरचा, उष्णता वाहून नेणारा द्रवरूप धातूचा चंदेरी थरही तोच दिसला. बचत ड्राइव्ह वगळून साधली आहे. मेमरी खरोखर कमी केली ती मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एस या कन्सोलमध्ये, १० जीबी. गैरसमज बहुधा तिथूनच आला असावा. पालकांनी विचार करावा तो २०२० च्या या मॉडेलवर गेमच्या जुन्या, स्वस्त डिस्का वापरता येणार नाहीत याचा. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.