गाड्यांपेक्षा फेरीची वेळ बघा
चोऱ्या रोखायला पोलिसांच्या रात्रगस्तीला गाड्या वाढवा, असं एका लेखात म्हटलंय. पण खरी गोम वेळेत आणि मार्गात आहे. रोज बाराला त्याच चौकातून गाडी गेली की चोरांना वेळापत्रक पाठ होतं. गस्तीवरच्या पोलिसांनी हजेरीसाठी स्कॅन करायचा क्यूआर कोड एटीएमच्या दाराशी. तो स्कॅन झाला की हजेरी लागली, मागची गल्ली तशीच अंधारात. मागच्या महिन्यातल्या चोऱ्या नकाशावर मांडून कोडच्या जागा आणि फेरीचा क्रम बदलत राहायला हवा. बीड जिल्ह्यात धारूर, वडवणीकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्यांची घरं कित्येक महिने कुलूपबंद असतात. तेव्हा बीट अंमलदारानं, म्हणजे त्या भागाची (बीटची) जबाबदारी असलेल्या पोलिसानं, पोलीस पाटलांकडून यादी घेऊन तांडे-वस्त्या फेरीत घेतल्याच पाहिजेत. आणि 112 या आपत्कालीन नंबरवर आलेल्या कॉलवर गस्तीची गाडी गेली, तर तोवर बीट कोण बघणार, हे ड्युटी लावतानाच ठरवा.