सेरोटोनिन वाढवले की प्रतिकारशक्ती वाढते?

"सेरोटोनिन हे मेंदूतले आनंदाचे रसायन. ते वाढवा, पांढऱ्या पेशी बळकट होतील, ऑक्सिडेटिव्ह ताण जाईल. रोज ५-एचटीपीची गोळी घ्या." हा संदेश सगळीकडे फिरतो आहे. (ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणजे मुक्त मूलके, म्हणजेच अस्थिर रेणू, वाढून पेशींना होणारी इजा; ५-एचटीपी म्हणजे शरीर ज्यापासून सेरोटोनिन बनवते तो पदार्थ.) आजारी माणसे त्यावर विसंबतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

'मेंदूतले' हे फार तर अर्धसत्य. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरातल्या पेशी बनवतात. १९४८ साली ते वेगळे काढले गेले तेसुद्धा गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या द्रवातून (सीरममधून), रक्तवाहिन्या आकसवणारा पदार्थ शोधताना. रक्तातले सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. प्लेटलेट ते शोषून साठवतात आणि जखम किंवा दाह असेल तिथे सोडतात.

'पांढऱ्या पेशी बळकट होतील' हा दावा सर्वांत घातक वाटतो. मॅक्रोफेज, डेंड्रिटिक पेशी, टी पेशी अशा प्रतिकारशक्तीच्या पेशींवर सेरोटोनिनचे ग्राही (त्याचा संदेश पकडणारे रेणू, रिसेप्टर) असतात, इथपर्यंत खरे. पण या ग्राहींची सात कुळे आहेत, आणि कोणत्या पेशीवर कोणता ग्राही आहे त्यावर परिणाम ठरतो. मोनोसाइट या मानवी पांढऱ्या पेशींवरच्या प्रयोगांत सेरोटोनिनमुळे टीएनएफ-अल्फा हा दाहकारक रेणू कमी स्रवला. उलट उंदरांमध्ये प्लेटलेटमधले सेरोटोनिन न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना दाहाच्या जागी ओढून आणते. ज्या उंदरांच्या आतड्यात सेरोटोनिन जवळपास बनतच नाही, त्यांना रसायन देऊन घडवलेला कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) सौम्य झाला. म्हणजे एकच रेणू एकीकडे आग विझवतो, दुसरीकडे भडकवतो. अशा वेळी नुसते 'वाढवा' म्हणणे म्हणजे आजार कोणता हे न विचारताच औषध देणे.

ऑक्सिडेटिव्ह ताणाचेही तसेच. परीक्षानळीत सेरोटोनिन मुक्त मूलके टिपते, हे मान्य. पण पेशीत मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए हे विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करते तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, आणि ते स्वतःच ताण वाढवणारे. उंदरांच्या हृदयपेशी या मार्गाने मेल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

जास्त सेरोटोनिन म्हणजे जास्त आरोग्य असते, तर कार्सिनॉइड नावाच्या, बहुधा आतड्यात किंवा फुप्फुसात होणाऱ्या गाठींचे रुग्ण सर्वांत निरोगी असते. त्यांच्यातल्या काहींच्या गाठी सेरोटोनिन ओततात. परिणामी जुलाब होतात, हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होतात.

आता गोळीबद्दल. नैराश्यावरचे औषध चालू असताना ५-एचटीपी घेतले तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: तीव्र अस्वस्थता, थरथर, आखडलेले स्नायू, चढता ताप. वेळीच उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. फिरणाऱ्या संदेशात याचा एक शब्दही नाही.