वीस-पन्नासचा हट्ट

पक्याच्या जुन्या डिझेल थारची सर्व्हिसिंग आली, तिथून विषय पेटला.

"या खेपेला वीस-पन्नासचं इंजिन ऑइल टाकतो," तो म्हणाला. "चिखलात लो रेंजच्या संथ, ताकदीच्या गिअरला गाडी अर्धा अर्धा तास रडते. दाट ऑइल म्हणजे इंजिनाला कवच."

"पुस्तकात काय दिलंय?" मास्तर. (गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचणारा आमच्यात हा एकटाच.)

"पंधरा-चाळीस, म्हणजे १५डब्ल्यू-४०. पण ते रस्त्यावर चालवणाऱ्यांसाठी."

"१५डब्ल्यूमधला पंधरा हा थंडीतल्या स्टार्टिंगचा. पंधराची परीक्षा उणे २० अंशांना घेतात, पाचची उणे ३० ला. ताम्हिणीत या आकड्यावर डोकं खाऊ नकोस. हिवाळ्यात स्पितीला निघालास की बोलू. तुझं भांडण दुसऱ्या आकड्याशी आहे, गरम झाल्यावर ऑइल किती दाट राहतं ते सांगणाऱ्या."

पक्याची भीती खोटी नव्हती, हे आधी सांगून टाकतो. चालण्याच्या वेगाने चढताना रेडिएटरला वारा मिळत नाही, इंजिन मात्र राबतच असतं. ऑइल १२० अंशांवर गेलं, तर चाळीसचं ऑइल जवळपास तेवढंच पातळ होतं, जेवढं तीसचं १०० अंशांना असतं. म्हणून पक्याचं गणित सरळ: पन्नास टाका, गरम झाल्यावर चाळीस उरेल.

"आणि सकाळी?" मास्तरांनी विचारलं. "थंड इंजिनात तेच ऑइल टर्बोपर्यंत सावकाश पोचणार."

"प्रेशरचा काटा तर वर जातो!"

"जाणारच. दाट ऑइल वाटेत अडतं म्हणून प्रेशर वाढतं, मग रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादाचं ऑइल परत फिरतं. बेअरिंगला जास्त मिळालं असं नाही. शिवाय दाट ऑइल घुसळलं की तेही तापतंच."

पक्या गप्प बसला, पण पटलं म्हणून नव्हे. त्याने दुसरीकडून सुरू केलं. "चढावर प्रेशरचा दिवा लुकलुकतो, त्याचं काय?"

"गाडी तिरकी झाली की सम्पमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या टाकीतलं ऑइल एका बाजूला जातं आणि ते ओढणारा पिकअप पाइप हवा ओढतो. तिथे पन्नास काय करणार? डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत भर. खुणेच्या वर मात्र नको."

सोन्याची गाडी बीएस-६ डिझेल. त्याला म्हटलं, तू या भांडणात पडूच नको. डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर कंपनीने सांगितलेलं स्पेसिफिकेशन नसेल, तर ग्रेड जुळूनही फिल्टर लवकर भरेल.

मला विचाराल तर पन्नासला एकच जागा आहे, ती म्हणजे झिजलेलं, ऑइल पिणारं, ओव्हरहॉलची वाट बघणारं इंजिन. पक्याचं अजून तसं नाही. त्याने चाळीसच घ्यावं, पण डेटाशीटवर १५० अंशांची एचटीएचएस व्हिस्कॉसिटी (तापलेलं ऑइल जोराच्या घर्षणात किती दाट राहतं तो आकडा) बघून. १५डब्ल्यू-४० ला ती किमान ३.७ लागते, त्याहून जास्तीचा डबा मिळाला तर तोच उचलावा. पाण्यातून गाडी काढल्यावर डिपस्टिकला दुधाळ ऑइल दिसलं तर ग्रेडच्या गप्पा बंद, गाडी स्टार्ट न करता टो करायची.

"पण तुझं ऑइल १२० ला जातं हे तुला कोणी सांगितलं?" मास्तरांनी शेवटी विचारलं. "डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कूलंटचा आहे, ऑइलचा नाही."

पक्याने फोन काढून ऑइल टेम्परेचर मीटरची किंमत शोधायला घेतली.