‘अझिथ्रो तीन दिवस, सोबत डेक्सा’: शुगर-दम्याच्या पेशंटने हा मेसेज का पाळू नये

थंडी पडली की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. शुगर, बीपी, दमा असलेल्यांना खोकला-ताप आला तर दवाखान्याची गरज नाही. मेडिकलवरून अझिथ्रोमायसिन 500 तीन दिवस, डेक्सामेथासोन सकाळ-संध्याकाळ आणि एखादी सर्दीची गोळी घ्यायची. पंप (इनहेलर) लावायचा नाही, कारण सवय लागते. जेवण जात नसेल तर इन्सुलिन आणि शुगरच्या गोळ्या बंद. बोटाला लावायच्या मशीनवर (ऑक्सिमीटर) ऑक्सिजन 90 च्या वर आहे तोवर घाबरायचं नाही. केळी बंद, वाफ सुरू. आणि शेवटी, फ्लूच्या लशीनेच फ्लू होतो.

पंचविशीतल्या धडधाकट माणसाने हे सगळं केलं तरी बहुतेक वेळा निभावतं, कारण त्याचा खोकला तसाही दोन-तीन आठवड्यांत जाणारच असतो. मेसेज मात्र जुन्या आजाराच्या लोकांना उद्देशून आहे, आणि नेमका त्यांनाच तो महागात पडतो.

अँटिबायोटिकपासून सुरुवात करू. सर्दी, घसा, साधा खोकला हे बहुतेक वेळा व्हायरसचं काम असतं, आणि व्हायरसवर अझिथ्रोमायसिन चालत नाही. उलट हृदयरोग असलेल्या, पोटॅशियम कमी झालेल्या किंवा हृदयाची लय सांभाळण्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसात ते ठोक्यांची लय बिघडवू शकतं. अँटिबायोटिक लागतंच अशी माणसंही आहेत. वर्षानुवर्षं चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या जाळलेल्या बायका, विडी ओढणारे, जिनिंगच्या धुळीत राबलेले, ज्यांना सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आहे, त्यांच्याबाबत तीन गोष्टी विचारायच्या: धाप वाढली का, बेडका वाढला का, बेडक्याचा रंग पिवळा-हिरवा झाला का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, किंवा रंग बदलून बाकी दोनपैकी एक वाढलं असेल, तर अँटिबायोटिकला आधार आहे. तेव्हाही कोणतं आणि किती दिवस हे डॉक्टरच ठरवतील. न्यूमोनिया असेल तर गोष्ट वेगळी, तिथे उशीर चालत नाही.

क्षयरोगाची शंका इथेच घ्यायला हवी. शुगर असलेल्यांना टीबीचा धोका इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट असतो. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, यातलं काहीही असलं तर थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. मेडिकलवरून अशा वेळी बऱ्याचदा लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं जातं. ते टीबीच्या जंतूंनाही थोडं दाबतं, माणसाला बरं वाटतं, आणि निदान महिनाभर पुढे जातं.

आता डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. या मेसेजमधली सर्वांत धोकादायक ओळ हीच आहे. ही गोळी लोकप्रिय का, तेही समजून घ्यायला हवं. स्टेरॉइड पोटात गेलं की त्याच संध्याकाळी ताप उतरतो, भूक लागते, अंगात तरतरी येते. माणूस म्हणतो, “गुण आला.” जंतू मात्र आतमध्ये वाढतच असतात, फक्त शरीराची त्यांच्याविरुद्धची आरडाओरड बंद झालेली असते. शुगर चढते ती वेगळीच. शिवाय स्टेरॉइड सकाळी घेतलं तर शुगर मुख्यतः दुपारनंतर वाढते; उपाशीपोटी तपासली तर 120-130 दिसते आणि घरचे निर्धास्त राहतात. म्हणून स्टेरॉइड चालू असताना दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधीची शुगर बघायलाच हवी. 2021 मध्ये काळ्या बुरशीने महाराष्ट्रात लोकांचे डोळे आणि जबडे गेले, त्यामागे वाढलेली शुगर आणि बेहिशेबी स्टेरॉइड ही जोडी होती. आणि जे लोक महिनोनमहिने अशा गोळ्या घेतात त्यांच्या शरीरातलं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावतं. त्यांनी गोळी एकदम सोडली तर बीपी कोसळू शकतो. त्यांनी डॉक्टरांना हे न लाजता सांगावं.

स्टेरॉइड वाईटच असं आमचं म्हणणं नाही. सीओपीडीचा जोर वाढला तर प्रेडनिसोलोन 40 मिलिग्रॅम 5 दिवस हा मान्य उपचार आहे, दम्याच्या तीव्र अटॅकमध्ये तर ते जीव वाचवतं. पण तपासून, ठरलेल्या दिवसांसाठी आणि शुगर मोजत.

सर्दीच्या गोळीत बहुधा पॅरासिटामॉल, नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन आणि गुंगीचं क्लोरफेनिरामिन एकत्र असतं. फेनिलएफ्रिनने बीपी वाढू शकतो. क्लोरफेनिरामिनने प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्यांची लघवी अडकू शकते. तापासाठी वेगळी पॅरासिटामॉलही घेतली की डोस दुप्पट होतो. किडनी किंवा हृदय कमजोर असेल तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइडच्या वाटेला जाऊ नये. साधी पॅरासिटामॉल 500, सहा तासांच्या अंतराने, पुरते. लिव्हरचा आजार असेल तर दिवसाला 2 ग्रॅमच्या आत.

“पंपाची सवय लागते” हे ऐकून लोक पंप लपवून ठेवतात, आणि ऐन थंडीत तो संपलेला असतो. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट फुप्फुसात जातं. व्यसन लावेल असं त्यात काही नाही. खरी अडचण वापराची आहे. दाबायचा पंप असेल तर हलवा, स्पेसरला (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, एकदाच दाबा, चार-पाच सेकंद सावकाश श्वास आत घ्या आणि 10 सेकंद रोखा. दुसरा पफ अर्ध्या मिनिटाने. कॅप्सूल घालून फिरवायचं रोटाहेलर असेल तर उलट: श्वास जोरात आणि खोल ओढायचा, नाहीतर पावडर आतच राहते. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पेशंटही आहेत, म्हणून घरात एकाने समोर बसून एकदा बघावं. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची. दम भरला तर आराम देणारा पंप स्पेसरमधून 4 पफ, प्रत्येक पफ वेगळा; गरज पडल्यास 20 मिनिटांनी पुन्हा. तासाभरात उतार नाही, किंवा चार तासांच्या आत परत धाप लागली, तर 108 ला फोन करा.

शुगरचं औषध बंद करण्याच्या सल्ल्यात एक कण खरा आहे, म्हणून तो नीट सांगतो. इन्फेक्शनमध्ये जेवण कमी असलं तरी शुगर वाढते. इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचं नाही. टाइप 1 मधुमेहात, जिथे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, ते जीवावर बेततं. दर चार तासांनी शुगर बघून डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मात्र खाणं-पिणं थांबलं की थांबवतात, कारण त्यात शुगर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. उलट्या-जुलाब असतील तर मेटफॉर्मिनही थांबते. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिलं तर शुगर खाली पडते. कोणती चालू, कोणती बंद, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. मधल्या काळात खिचडी, ताक, पाणी थोडं थोडं चालू ठेवा. हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून पिणाऱ्यांनी त्यांचं माप पाळावं.

ऑक्सिजनचं 90 हे सरसकट माप चुकीचं आहे. ज्याचा रोजचा आकडा 97 आहे, तो 92 वर आला तर तो आजारी आहे, आणि त्याने त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. सीओपीडीत काहींचा रोजचाच आकडा 90 असतो. त्यांना रुग्णालयात 88 ते 92 ठेवण्यापुरताच ऑक्सिजन देतात, कारण जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून बरं असताना आपला आकडा लिहून ठेवा. मोजताना पाच मिनिटं शांत बसा, बोटं गरम करा, मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेलं बोट घ्या. डिसेंबरच्या पहाटे गार पडलेल्या बोटावर मशीन भलतंच दाखवतं.

मशीन नसेल तरी घड्याळ असतं. माणसाला न सांगता पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजा. शांत बसलेल्या मोठ्या माणसात 12 ते 20 श्वास ठीक; 25 च्या वर काळजीचं; 30 किंवा वर असेल तर थांबायचं नाही. वरचा बीपी 90 च्या खाली, ओठ निळसर, एक वाक्य एका दमात न होणं, हीसुद्धा तीच खूण. सत्तरीतल्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. आजोबा अचानक बरळायला लागले, जेवणाचं भान राहिलं नाही, तर “वय झालं” म्हणू नका. फुप्फुस तपासून घ्या.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या तरुणांना हा मेसेज सर्वांत घातक. त्यांना 101 च्या वर ताप आणि छातीत दुखणं एकत्र आलं तर काही तासांत धाप वाढून रक्त चढवायची वेळ येऊ शकते. ऑक्सिमीटरही त्यांच्यात फसवू शकतं. घरी कोर्स नको, थेट जिल्ह्याचं रुग्णालय. सिकलसेलची हायड्रॉक्सियुरिया गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नये.

केळीचं काय? केळ्याने इन्फेक्शन होत नाही. शुगर असलेल्याने अर्धं खावं आणि हिशोबात धरावं. किडनी निकामी होत असलेल्यांना केळं वर्ज्य असतं ते पोटॅशियममुळे, कफामुळे नव्हे. वाफेने नाकाला बरं वाटतं, फुप्फुसातलं इन्फेक्शन तिने जात नाही, आणि उकळत्या पातेल्याने भाजतं. रोजच्या काढ्यात ज्येष्ठमध भरपूर असेल तर बीपी वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, हे बीपीवाल्यांना सहसा कुणी सांगत नाही.

राहिली लस. फ्लूच्या इंजेक्शनात व्हायरस मेलेला असतो, त्याने फ्लू होऊच शकत नाही. एक-दोन दिवस दंड दुखतो, अंग मोडून येतं इतकंच. असर यायला दोन आठवडे लागतात, म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घ्यावी. ती राहून गेली असेल तर थंडीतही घेता येते, जानेवारी-मार्चमध्येही फ्लू असतोच. लस घेऊनही फ्लू झालाच, तर शुगर, दमा, हृदय, किडनीच्या पेशंटला डॉक्टर ओसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात. 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 5 दिवस, किडनी कमजोर असेल तर कमी. पहिल्या 48 तासांत त्याचा फायदा सर्वाधिक, म्हणून “दोन दिवस बघू” म्हणण्यात तेच दोन दिवस जातात. न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या एका जंतूवरची) लस वेगळी आहे. ती दरवर्षी लागत नाही, आणि फ्लूच्या लशीबरोबर त्याच भेटीत दुसऱ्या दंडात देता येते.