टायरला डिझेल चोळायला सांगणाऱ्या मेसेजचा समाचार

दसरा तोंडावर आला की बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. मंडळाच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, मग आत्याच्या, मग मामांच्या. मजकूर थोडक्यात असा: बाजारातली टायर पॉलिश घेऊ नका, त्यातल्या सिलिकॉनने टायर वाळतो आणि चिरतो; टायर तपकिरी पडला म्हणजे पॉलिशने जळला. रबर पेट्रोलियमपासून बनतं, म्हणून पेट्रोलियम हेच त्याचं खाद्य. अर्धं डिझेल आणि अर्धं गाडीतून काढलेलं काळं ऑइल एकत्र करून पूर्ण टायरला चोळा. टायर मऊ राहील, तपकिरी पडणार नाही, दहा वर्षं बघायला नको. चमक जास्त तितकं संरक्षण जास्त. खाली जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’.

गाडीची पूजा करायची म्हणजे टायर काळेभोर दिसायला हवेत, हे मलाही मान्य. पण या मेसेजातलं जवळपास प्रत्येक वाक्य एकतर चुकीचं आहे किंवा अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलेलंच जास्त नुकसान करतं.

‘रबर पेट्रोलियमपासून बनतं, म्हणून डिझेल हे त्याचं खाद्य.’ यातला पहिला भाग बडोदेकरांना कोणी शिकवायला नको. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून आहे. तिच्या शेजारच्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कारखान्यात, म्हणजे आताच्या रिलायन्समध्ये, पॉलिब्युटाडाईन नावाचं रबर बनत आलंय. वाघोडियाच्या बाजूला लिमड्यात अपोलोचे टायर बनतात, हालोलला सिएटचे. टायरच्या साइडवॉलमध्ये, म्हणजे बाजूच्या भिंतीत, मुख्यतः हेच पॉलिब्युटाडाईन आणि झाडाच्या चिकाचं नैसर्गिक रबर असतं. ही दोन्ही रबरं डिझेलसारखीच कार्बन-हायड्रोजनची, आणि घोडं नेमकं इथंच पेंड खातं. जात जुळते म्हणून डिझेल रबरात सहज शिरतं. गंधकाने रबराच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात म्हणून ते विरघळून जात नाही, पण फुगतं. फुगलेलं रबर हाताला मऊ लागतं खरं, आणि मेसेज लिहिणाऱ्याला तेच पोषण वाटलंय. प्रत्यक्षात त्याची ताकद कमी झालेली असते.

विश्वास बसत नसेल तर पोस्टमन टपालाच्या गठ्ठ्याला लावतो तसला साधा रबरबँड घ्या. झाकणाच्या बरणीत थोडं डिझेल घेऊन त्यात रात्रभर बुडवून ठेवा, स्वयंपाकघरापासून लांब. सकाळी बाहेर काढून पुसा आणि नव्या रबरबँडशेजारी ठेवा. बुडवलेला लांबीला वाढलेला आणि जाड दिसेल. दोन्ही ताणून पाहा. फुगलेला आधी तुटेल.

यावर कोणी म्हणेल, डिझेलचा पाइप रबराचाच असतो की. असतो, पण तो नायट्राईलसारख्या तेलाला दाद न देणाऱ्या रबराचा. टायरचं रबर तसं नसतं. गॅरेजवाल्यांना हे वेगळ्या वाटेने माहीत असतं. ब्रेक ऑइलच्या डबीत चुकून इंजिन ऑइल पडलं तर आतली रबरी वायसरं फुगतात आणि ब्रेक धरून बसतात. त्यामुळे कुठलाही शहाणा मेकॅनिक ती डबी उघडताना हात आधी पुसतो.

आता खरी गोष्ट: टायर बनवताना कारखान्यातच रबरात तेल मिसळतात. पण ते मोजून, निवडून, आणि गंधकासह भट्टीत जाण्याआधी. तयार टायरवर बाहेरून डिझेल चोळणं हे त्याच्या उलट. डिझेल आत शिरतं आणि हळूहळू उडून जाताना आतलं मेण, तेलं आणि रबर जपणारी रसायनं पृष्ठभागाकडे ओढून आणतं. पुढच्या धुलाईत ती निघून जातात. एकदा लावल्याने टायर मरत नाही, घाबरू नका. पण दर पंधरवड्याला लावणाऱ्याचा टायर काही वर्षांत कडक होतो.

काळ्या ऑइलबद्दल फार लिहायची गरज वाटत नाही. त्यात जळालेल्या इंधनाचे अवशेष आणि झिजलेल्या धातूचा चुरा असतो, ते उघड्या हाताने चोळायची वस्तू नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे. टायरवरून पावसात वाहून ते शेवटी विश्वामित्रीत जातं, आणि तिथल्या मगरींना आधीच पुरेसे त्रास आहेत.

‘सिलिकॉनमुळे टायर चिरतो.’ हे अर्धं खरं विधान. सिलिकॉन तेल टायरच्या रबरात फारसं शिरत नाही. रबरी सील आणि ओ-रिंगांना लावायच्या ग्रीसमध्ये तेच वापरतात. गडबड सिलिकॉनला वाहून नेणाऱ्या पातळ द्रवाची असते. स्वस्त, झटकन सुकणाऱ्या, आरशासारख्या चमकणाऱ्या पॉलिशमध्ये हा वाहक बहुतेक वेळा पेट्रोलियमचा सॉल्व्हंट असतो, म्हणजे डिझेलचाच चुलतभाऊ. म्हणजे ज्या कारणासाठी पॉलिश टाळा म्हणतात, तेच कारण मेसेजवाल्यांनी डब्यात भरून दिलंय! दुसऱ्या प्रकारच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन पाण्यात घुसळलेलं असतं. ती दुधासारखी पांढरी दिसते, लावल्यावर पारदर्शक होते, आणि चमक सौम्य येते. ती जास्त हवी असेल तर पहिला हात सुकल्यावर दुसरा द्यावा.

दुकानात ओळखायचं कसं? बाटलीवर ज्वालेचं चिन्ह किंवा ‘ज्वलनशील’ असं लिहिलं असेल तर ठेवून द्या. झाकण उघडता आलं तर वास घ्या. रॉकेल किंवा थिनर आठवला की पुढे बघायला नको. घरी आणलेल्या बाटलीचे दोन थेंब पाण्याच्या ग्लासात टाका. पाण्यावरची पॉलिश दुधाळ होऊन मिसळते, सॉल्व्हंटवाली तवंग धरते. रंग मात्र पुरावा नाही, कारण पांढरट दिसणाऱ्या काही बाटल्यांतही थोडा सॉल्व्हंट असतो. म्हणून वास आणि लेबल दोन्ही बघा. स्प्रेचे डबे मी टाळतो. बहुतेकांत ज्वलनशील वायू असतो, आणि निम्मा फवारा रिमवर आणि ब्रेकवर जातो. ग्लिसरीन आणि पाणी हा जुना घरगुती उपाय रबराला अपाय करत नाही, पण पहिल्या पाण्यात निघून जातो आणि धूळ ओढतो. मिरवणुकीपुरता ठीक.

‘टायर तपकिरी पडला म्हणजे पॉलिशने जळला.’ याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. हवेतला ओझोन रबराच्या साखळ्या तोडतो आणि ताणलेल्या जागी बारीक चिरा पाडतो. त्यापासून बचाव म्हणून कारखान्यात रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं घालतात. टायर फिरताना साइडवॉल सतत वाकते आणि ही द्रव्यं आतून पृष्ठभागावर येत राहतात. हवेशी संयोग झाला की त्यांचा रंग तपकिरी होतो. म्हणजे हा थर टायरचं स्वतःचं चिलखत आहे, जळल्याची खूण नव्हे. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीचे टायर चालत्या गाडीपेक्षा लवकर चिरतात त्याचं एक कारणही हेच: वाकणं बंद, तर मेणाचं वर येणंही बंद. दिसायला तो थर कळकट असतो, म्हणून पूजेपुरता ब्रश आणि साध्या शॅम्पूने घासा; आत अजून साठा असतो. घासल्यावर फेस पांढरा यायला लागला की थांबा आणि पूर्ण सुकू द्या. न घासता वरून पॉलिश मारली तर ती तपकिरी थरावरच बसते, दोन दिवसांत टायर पुन्हा मळकट होतो आणि नाव पॉलिशचं खराब होतं.

‘चमक जास्त तितकं संरक्षण जास्त.’ उन्हातल्या अतिनील किरणांपासून टायर वाचवण्याचं काम मुख्यतः त्यातला काजळीसारखा कार्बन ब्लॅक करतो, टायर काळा असतो तो त्यामुळेच. पॉलिश ही मुळात सजावट आहे. ओली चकाकी म्हणजे वर राहिलेलं जादा द्रव्य. गाडी निघाली की त्याचे शिंतोडे दारांवर उडतात, उरलेल्यावर रस्त्याची धूळ बसते. लावून दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसून घ्या.

‘पूर्ण टायरला चोळा.’ हे वाक्य वाचून माझा पारा चढतो. नक्षीला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाला, तेल किंवा पॉलिश काहीही लावायचं नाही. चारचाकी ब्रेक मारल्यावर घसरेल, दुचाकी पहिल्याच वळणावर आडवी होईल. स्कूटर-मोटारसायकलच्या टायरला हात लावणारच असाल तर फक्त बाजूला, कापडावर घेऊन. ब्रेकच्या डिस्कवर थेंबही नको. वॉशिंग सेंटरवर पोऱ्या बाटली घेऊन विचारतोच, ‘साहेब, डीझल मारी दउं?’ त्याला ‘ना भाई, खाली शॅम्पू’, म्हणजे नुसता शॅम्पू, एवढं सांगितलं तरी पुरतं.

राहिली दहा वर्षं. साइडवॉलवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. अनेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर, नक्षी शिल्लक असली तरी, बदल सुचवतात. जुनी गाडी घेताना टायर नको तितके चमकत असतील तर आधी पॉलिश धुवून टाकायला सांगा, मग हे आकडे वाचा. आणि मेसेज वाचून तुम्ही डिझेल चोळून बसला असाल तर शॅम्पूने दोनदा घासून काढा, गाडी सावलीत लावा, सुकल्यावर मोबाइलच्या टॉर्चने साइडवॉल बघा. बोटाच्या नखाला लागतील इतक्या खोल चिरा दिसल्या तर पूजेआधी टायरवाल्याकडे जा.