बॉटनीवाल्या मॅडम

भोसरीच्या एमआयडीसीत मला नावाने कुणी ओळखत नाही. ‘बॉटनीवाल्या मॅडम’ म्हटलं की गेटवरचा वॉचमन बरोबर क्वालिटीच्या केबिनकडे बोट दाखवतो. कार्डावर ‘क्वालिटी इंजिनिअर’ छापलंय खरं, पण ते कार्ड आजवर फक्त आईने वाचलंय.

नोकरी मिळाली ती मायक्रोस्कोपच्या जिवावर. मालकांनी विचारलं, “हाताळता येतो का?” बी.एस्सी.ला दुसरं केलं काय होतं? बटाट्याच्या फोडीत पान धरायचं, ब्लेडने पातळ काप काढायचा, सॅफ्रनिनमध्ये रंगवायचा आणि भिंगाखाली सरकवायचा. इथे पानाऐवजी गिअरचा तुकडा. तो बेकेलाइटमध्ये बसवा, पॉलिश पेपरवर आरशासारखा होईतो घासा, वर नायटल हे अ‍ॅसिडचं पाणी लावा आणि बघा. पोलादाचे कण दिसतात : पांढरं ते फेराइट, काळपट ते पर्लाइट. लाल-गुलाबी काही दिसत नाही, एवढंच काय ते दुःख.

मायक्रॉनचंही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचंही, मला अप्रूप नव्हतं. 20 मिमीच्या भोकाला एच-7 टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वर 21 मायक्रॉनची सवलत, खाली शून्य. जास्वंदीचा परागकण सहज शंभर मायक्रॉनच्या पुढे जातो. “म्हणजे आपल्या आख्ख्या सवलतीत जास्वंदीचा एक कणसुद्धा मावायचा नाही,” असं मी प्रॉडक्शन मीटिंगमध्ये म्हणाले आणि बारसं उरकलं.

घोडं अडलं ते ड्रॉइंगपाशी. फर्स्ट अँगल या ड्रॉइंगच्या पद्धतीत जॉबकडे, म्हणजे बनवायच्या वस्तूकडे, उजवीकडून बघितलं की जे दिसतं ते कागदावर डावीकडे काढतात. का, हे मला इंजिनिअर झालेल्या दोघांनी समजावलं आणि दोघांचं आपसात भांडण झालं. शेवटी लेथवरचे मामा पुढे आले. शिक्षण आठवी. त्यांनी साबणाची वडी कागदावर ठेवली, उजव्या बाजूवर बोट टेकवलं आणि वडी डावीकडे लोळवली. “आता वर आली ती बाजू काढायची.” झालं! त्या साबणावर त्यांनी मला सेक्शन व्ह्यूही, म्हणजे कापून आतलं दाखवणारं चित्र, शिकवला, त्यासाठी पार मधोमध कापला. मामांची मापं मात्र निराळी. कागदावर सगळं मिलिमीटरमध्ये, मामांच्या तोंडी सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिमी. पण ‘सूतभर ठेवलंय, फिनिशिंगला काढतो’ यातलं सूत वारानुसार बदलतं.

बदल्यात मी मामांच्या कढीपत्त्यावरचा पांढरा पिठ्या ढेकूण घालवला. मग काय, रिजेक्शनवर वाद घालायला येणारा प्रत्येक जण आधी कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेलं एक पान काढतो.

तर परवा कस्टमरने आमचं ऑडिट केलं. त्यांच्या साहेबांनी माझी फाइल उघडली. “बॉटनी?” पेन थांबलं. मालक या प्रसंगासाठी तयारच होते. दर 15 सप्टेंबरला, इंजिनिअर्स डेला, ते हेच भाषण करतात. “विश्वेश्वरय्यासुद्धा आधी बी.ए.च होते, साहेब!”

“हो. मग पुण्याच्या सायन्स कॉलेजात रीतसर इंजिनिअरिंग शिकले,” साहेब म्हणाले. “या कुठे शिकल्या?”

मी ट्रेनिंग रेकॉर्ड पुढे केलं. विषय : ड्रॉइंग रीडिंग. ट्रेनर : मामा.

“ट्रेनरचं क्वालिफिकेशन?”

मालक पंख्याकडे बघू लागले. मामांना बोलावणं गेलं. ते हात पुसत आले. साहेबांनी परीक्षा म्हणून स्वतःच्याच कंपनीचं नवं ड्रॉइंग समोर टाकलं. मामांनी ते खिडकीपाशी नेलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ हूं की चूं केलं नाही. मालकांना घाम फुटला.

“भोकाचा डाया दिलाय, डेप्थ दिलीय,” मामा म्हणाले, “पण भोक पाडायचं कुठे? सेंटरचं माप कुठंच नाही.”

साहेबांनी कागद ओढून घेतला. एकदा पाहिला, उलटा करून पाहिला.

“आमच्या डिझाइनच्या इंजिनिअरने काढलंय,” ते हळूच म्हणाले.

“असं होय,” मामा म्हणाले. “त्यांचं बॉटनी का झूलॉजी?”